पडताना नजर गाठीवर

पत्राचा सारांश: परभणी जिल्ह्यातल्या एका तालुक्याच्या गावाहून एका आईने लिहिलं आहे. मुलगी आठवीत, तेरा वर्षांची. अडीच वर्षांपासून क्रीडा संकुलात ज्युदो शिकते. पिवळा आणि केशरी पट्टा सव्वा वर्षात मिळाला, त्यानंतर चौदा महिने झाले तरी केशरीच. मधे दोनदा ग्रेडिंग, म्हणजे पुढच्या पट्ट्याची परीक्षा, झालं. पहिल्यांदा सरांनी ‘अजून तयार नाही’ म्हणून बसू दिलं नाही, दुसऱ्यांदा पोट दुखतंय म्हणून मुलगीच गेली नाही. सर तिला लहान लेकरांना पडायला शिकवायला लावतात, ‘फी आम्ही भरायची अन् मास्तरकी हिनं करायची’. संभाजीनगरच्या अकरा वर्षांच्या भाच्याला कराटेचा ब्लॅक बेल्ट दोन वर्षांत मिळाला. जवळच्या शहरातला एक क्लास अठरा हजारांत ‘दीड वर्षात ब्लॅक बेल्ट’ देतो म्हणे. वडिलांचं म्हणणं, सरांचा पोरांवर जास्त जीव आहे. सोयाबीनचे पैसे आले की हिला तिकडं घालू, दहावीला मार्कही मिळतील. आजोबा जुने पहिलवान, ते म्हणतात, ‘आमच्या टायमाला पट्टे नव्हते.’ आई विचारते, क्लास बदलू का? ताजा कलम: केशरी पट्टा ड्रेससोबत भिजवला आणि पांढरा ड्रेस शेंदरी झाला, काय करू?

ताई,

तुमच्या दोन पानांच्या पत्रात ‘पट्टा’ हा शब्द मी मोजला. सतरा वेळा आलाय. मुलीचं म्हणणं मात्र एकाच ओळीत आहे: ‘तिला विचारलं तर काही बोलत नाही.’ त्या ओळीकडे मी परत येणार आहे. आधी पट्ट्याचं बघू, कारण घरात धुसफूस त्याच्यावरूनच आहे.

आजोबा म्हणतात ते खरं आहे. आणि गंमत म्हणजे ज्युदोतही सुरुवातीला रंगीत पट्टे नव्हतेच. ज्युदोचे जनक जिगोरो कानो या शिक्षकाने १८८२ मध्ये टोकियोतल्या एका देवळात, बारा चटयांच्या जागेत कोदोकान ही ज्युदोची पहिली शाळा सुरू केली. पुढच्या वर्षी त्यांनी दोन शिष्यांना पहिला ‘दान’, म्हणजे वरची पायरी, दिला, तेव्हा कमरेला वेगळं काहीच नव्हतं. काळा पट्टा त्यानंतर दोन-तीन वर्षांनी आला. पिवळा, केशरी, हिरवा, निळा ही सगळी रांग तर युरोपातली: १९२० आणि ३० च्या दशकांत लंडन-पॅरिसच्या क्लबांनी ती रुजवली. तिकडच्या शिकणाऱ्यांना वर्षानुवर्षं पांढराच पट्टा बांधून बसायला जड जायचं, त्यांना मधे काहीतरी हाती लागायला हवं होतं. म्हणजे तुमच्या घरात जी घालमेल चाललीये, तिच्यासाठीच हे रंग निघाले. जपानमध्ये मोठी माणसं आजही बहुतेक ठिकाणी पांढऱ्यावरून तपकिरीवर आणि तिथून काळ्यावर जातात.

आपल्याकडची रांग साधारण अशी: पांढरा, पिवळा, केशरी, हिरवा, निळा, तपकिरी, काळा. काळ्याच्या आधीच्या पायऱ्यांना ‘क्यू’ म्हणतात आणि त्या उलट्या मोजतात, सहावा क्यू खालचा आणि पहिला क्यू वरचा. त्याच्या पुढे दान सुरू होतात, ते सुलटे. पहिल्या दानाला शोदान म्हणतात. त्यातल्या ‘शो’चा अर्थ आरंभ. तुमचे यजमान ज्याला शेवट समजतायत त्याच्या नावातच सुरुवात आहे.

आता आजोबांच्या आखाड्यात या. जत्रेत पहिल्यांदा कोणाच्या कुस्त्या लागतात? बारक्या पोरांच्या, रेवड्यांवर. मग नारळावर, मग इनामावर. चांदीचं कडं, गदा हे सगळं दिवस कलल्यावर. रेवडीवरचं पोर उचलून कोणी शेवटच्या कुस्तीला लावत नाही, आणि लावलं तर पंचांच्या आधी गावच ओरडेल. पट्टा नसला तरी पायरी होतीच, फक्त ती कमरेला दिसायची नाही. ज्युदोच्या हॉलमध्ये गाव बसलेलं नसतं. कोणाला कोणाशी लावायचं आणि कोणता डाव कोणाला दाखवायचा हे सरांना एका नजरेत कळावं, म्हणून पट्टा. माझ्या लेखी त्याचं पहिलं काम हे. पाहुण्यांना दाखवायचं काम त्यानंतरचं.

पिवळ्याला काय बघतात? पडणं. मागे, दोन्ही कुशींवर, पुढे, आणि कोलांटी घेऊन. त्याला उकेमी म्हणतात. सोबत दोन-तीन साधे डाव, जसा ओ-सोतो-गारी. आजोबांना करून दाखवा, ते म्हणतील ही तर आपली बाहेरची टांग. आणि जमिनीवरची एखादी पकड. केशरीला डाव वाढतात, कमरेवरून टाकणं येतं. इथवर समोरचा जोडीदार बऱ्यापैकी उभा राहून देतो, म्हणून लेकरं भराभर पुढे जातात. तुमची मुलगीही गेली.

हिरव्यापाशी काम बदलतं. तिथे नुसता डाव चालत नाही, डावावर डाव लागतो. ओ-उची-गारीने आतून पाय अडकवून समोरच्याला मागे रेटायचं, तो पडू नये म्हणून पुढे जोर लावेल, आणि त्याच जोरावर त्याला सेओई-नागेने पाठीवरून घ्यायचं. समोरचा ऐनवेळी काय करील ते आधी कोणी सांगत नाही. रांदोरीत, म्हणजे मोकळ्या झुंजीत, हे पन्नास वेळा फसतं तेव्हा एकदा लागतं. त्यामुळे केशरी ते हिरवा हा टप्पा जवळजवळ सगळ्यांचाच रेंगाळतो. तुम्ही लिहिलंय क्लास आठवड्यातून तीन दिवस, तासभर. दिवाळी, चाचण्या, गौरी-गणपती, लग्नसराई आणि क्लास बंद असतो तो मे महिना वजा करा. वर्षाला शंभराच्या आसपास तास भरतात. चौदा महिने ऐकायला खूप वाटतात. शंभर-सव्वाशे तास म्हटलं की तेवढे वाटत नाहीत.

इथे माझं एक जुनं सांगते. मी एकोणतीस वर्षं शाळेत खेळ शिकवला, त्यातली काही वर्षं ज्युदोही. एक सहावीतला मुलगा होता, चपळ, बोलका. त्याच्या मित्रांना पिवळा मिळाला आणि तो रोज माझ्या मागे, ‘बाई, माझंच कामून नाही?’ त्याची मागे पडायची सवय कच्ची होती, डोकं किंचित मागे जायचं आणि हात टेकायला बघायचा. मला दिसत होतं. पण वडील येऊन बसले, मुख्याध्यापकांचा निरोप आला, आणि मी म्हटलं, करील हळूहळू. पट्टा दिला. पट्टा पिवळा म्हटल्यावर दुसऱ्या बाईंनी त्याला पिवळ्यांच्यात लावलं, जे बरोबरच होतं. तिसऱ्या आठवड्यात तो खांद्यावर पडला आणि हंसळीचं हाड मोडलं. हाड सहा आठवड्यांत जुळलं. तो परत मॅटवर आला नाही. कोणी मला बोललं नाही. मीच अजून बोलते.

म्हणून ‘अजून तयार नाही’ म्हणणाऱ्या सरांवर माझा चटकन राग येत नाही. फक्त कशात तयार नाही हे त्यांनी तुम्हाला आणि तिला सांगायला हवं होतं. तेवढी चूक त्यांची.

आता मास्तरकीचं. पुढच्या आठवड्यात एकदा वेळ काढून त्या हॉलमध्ये जाऊन बसा आणि ती लहानांना पडायला शिकवते तेव्हा नीट बघा. पोर उकिडवं बसतं, हात पुढे धरून मागे लोळतं, आणि पाठ टेकते त्याच क्षणी दोन्ही हात सरळ मॅटवर आपटतात, अंगापासून थोडे लांब. फट्! आवाज घुमला पाहिजे. आणि डोकं टेकता कामा नये. ते टेकू नये म्हणून लेकरांना एकच गोष्ट सांगतात: पडताना नजर आपल्या पट्ट्याच्या गाठीवर ठेव. गाठीकडे बघायचं म्हटलं की हनुवटी आपोआप छातीला लागते. ज्युदोत पट्ट्याकडे बघण्याचं जे पहिलं शिक्षण मिळतं ते हे, आणि तिथे रंगाचा काही संबंध नाही, पांढऱ्यालाही गाठ असतेच. दुसऱ्याच्या लेकराचं डोकं सांभाळायचं काम सर कोणालाही देत नाहीत. तिचं स्वतःचं पडणं पक्कं असल्याची ती पावती आहे, फक्त तिला शिक्का नाही. हां, तासातला अर्धा तास त्यातच जात असेल तर मात्र सरांना स्पष्ट सांगा की तिला रांदोरी कमी पडतेय. दहा मिनिटं ठीक.

भाच्याचं कौतुक करा, पण मोजमाप त्याच्यावरून नको. कराटेने पट्ट्यांची पद्धत ज्युदोकडूनच उचलली, १९२४ मध्ये कराटेचे गुरू फुनाकोशींनी पहिले दान दिले ते कानोंच्या धर्तीवर. पण दोन्हींची परीक्षा वेगळी, वयाचे नियम वेगळे, आणि लहान मुलांचा ज्युनिअर ब्लॅक बेल्ट हा आणखी वेगळा प्रकार. ज्युदोत बऱ्याच देशांत चौदा ते सोळा वर्षांच्या आत काळा पट्टा देतच नाहीत. त्याचं एक कारण असं की वरच्या पायऱ्यांवर गळा आवळण्याचे आणि कोपर मुरडण्याचे डाव येतात, ते कोवळ्या वयात शिकवायचे नसतात. शिवाय शोदानला बहुतेक ठिकाणी नागे-नो-काता मागतात, म्हणजे टाकण्याचे डाव ठरलेल्या क्रमाने, जोडीदारासोबत, डाव्या-उजव्या दोन्ही अंगांनी. कोदोकानच्या यादीत आज टाकण्याचे ६८ डाव आहेत. सगळे कोणालाच येत नाहीत, पण पहिली चाळीस नावं ऐकली की कसं टाकायचं हे निदान डोळ्यांसमोर यावं. नियमित सराव असला तरी पांढऱ्यापासून काळ्यापर्यंत चार-सहा वर्षं सहज जातात.

मग अठरा हजारांत दीड वर्षाचं काय? त्या क्लासला मी पाहिलेलं नाही, म्हणून खोटा म्हणत नाही. पण पैसे भरायच्या आधी विचारा: सर्टिफिकेटवर सही कोणाची? राज्य संघटनेकडे मुलांची नोंदणी होते का? हाच पट्टा बांधून ती उद्या पुण्या-मुंबईच्या क्लबात गेली तर तिला त्याच पायरीवर धरतील का? आणि मॅट बघा, चपला काढून वर उभ्या राहा. खाली फरशी लागत असेल तर पट्टा सोन्याचा दिला तरी नको. परीक्षेच्या आधीच निकालाची तारीख सांगणारा क्लास मला नेहमी जरा खटकतो, शाळा असो की शिकवणी.

दहावीच्या मार्कांचं तर साफ सांगते. क्रीडागुण पट्ट्यावर मिळत नाहीत. ते मिळतात स्पर्धांतल्या सहभागावर आणि कामगिरीवर, म्हणजे जिल्हा, विभाग, राज्य, राष्ट्रीय अशा मान्यताप्राप्त स्पर्धा. सरकारी नोकरीतलं पाच टक्के खेळाडू आरक्षणही स्पर्धेतल्या कामगिरीवर असतं, आणि प्रमाणपत्राची पडताळणी होते. शालेय ज्युदो स्पर्धेत गट पडतात ते वयाचे आणि वजनाचे: १४, १७ आणि १९ वर्षांखालील. तिथे केशरीवाली निळ्यावालीला टाकू शकते आणि टाकतेही. नियमांत अधूनमधून बदल होतात, तेव्हा यजमानांना एकदा परभणीच्या जिल्हा क्रीडा अधिकारी कार्यालयात पाठवा, फुकट आणि पक्की माहिती मिळेल. मार्कच हवे असतील तर अठरा हजार पट्ट्यावर घालण्यापेक्षा तिला जिल्ह्याच्या मॅटवर उतरवण्याचं बघा.

त्यांचा दुसरा संशय, सर पोरांना झुकतं माप देतात, तो मी हसण्यावारी नेणार नाही. पट्ट्यांच्या बाबतीत बायकांवर अन्याय झालेला आहे, खुद्द जपानमध्ये. कानोंच्या शिष्या केइको फुकुदा पाचव्या दानावर कित्येक वर्षं अडकून राहिल्या, कारण बाईला त्याच्या वर जाऊच देत नव्हते. २०११ मध्ये, वयाच्या ९८ व्या वर्षी, अमेरिकेतल्या ज्युदो संघटनेने त्यांना दहावा दान दिला. आणि आपल्याकडे बघा, रवींद्रनाथ ठाकुरांनी १९२९ मध्ये ताकागाकी नावाच्या जपानी शिक्षकाला शांतिनिकेतनात बोलावलं, तिथे मुलीही ज्युदो शिकल्या. तेव्हा संशय असेल तर शहानिशा करा, ती सोपी आहे. त्या हॉलमध्ये हिरव्या-निळ्या पट्ट्याच्या मुली किती? तिच्यासोबत सुरू केलेल्या मुलांपैकी पुढे गेले ते किती दिवस येतात? तिला रांदोरीला तुल्यबळ जोडीदार मिळते का? हे बघितल्यावर जे दिसेल ते दिसेल. न बघता नको.

आता ती ओळ.

तेरा वर्षांची मुलगी. ड्रेस पांढराशुभ्र. ग्रेडिंगची तारीख सरांनी ठरवलेली, हॉलमध्ये मुलं, पालक, मोबाइलवर शूटिंग. आणि तिचं पोट दुखतं.

ताई, मला खात्री नाही, पण माझ्या सगळ्या नोकरीत मी ही पोटदुखी इतक्यांदा पाहिलीये की विचारल्याशिवाय राहवत नाही. तिची पाळी सुरू झाली आहे का? झाली असेल तर पांढऱ्या पायजम्यात सगळ्यांदेखत आपटून घ्यायचं तिच्या जिवावर येत असेल, आणि हे ती सरांना सांगणार नाही, वडिलांना तर नाहीच. उपाय साधा आहे. आतून गडद रंगाची सायकलिंग शॉर्ट, वरच्या कोटाच्या आत पांढरा टी-शर्ट तर मुली घालतातच, आणि तारीख जुळत नसेल तर तुम्ही सरांना फोन करून ‘तिला पुढच्या आठवड्यात घ्या’ म्हणायचं. कारण सांगायची गरज नाही. शहाणा माणूस असेल तर विचारणार नाही.

किंवा तसं काही नसेलही. एखादा डाव अंगावर घ्यायची भीती असेल. मुलांशी पकडीत जुंपतात ते नको वाटत असेल. कोणाचा तरी हात तिला खटकत असेल. हेही मनात धरा आणि विचारा, तेव्हा घरात दुसरं कोणी नको. परीक्षा हाच शब्द घरात इतका मोठा झाला असेल की नापास होण्यापेक्षा पोट दुखलेलं बरं. तिला समोर बसवून चौकशी करू नका. पाणी आलं की ड्रेस धुताना, पिळायला दोघी लागतातच त्याला, तेव्हा बोला. आणि पट्ट्याबद्दल विचारू नका. विचारा, ‘आज कोणाला टाकलंस? तुला कोणी टाकलं?’ चार दिवस एवढंच. मला तरी वाटतं ती बोलेल.

त्यानंतर सरांकडे जा, शक्यतो तिला घेऊन, आणि भांडणाच्या सुरात नको. हिरव्याला नेमकं काय काय बघणार ते वहीत लिहून मागा. त्यातलं तिला काय येतं, काय कच्चं आहे यावर खूण करून घ्या, आणि पुढच्या ग्रेडिंगपर्यंत त्या कच्च्यावर आठवड्यातून किती वेळ मिळेल ते ठरवा. ग्रेडिंगची फी किती, सर्टिफिकेट कोणाचं, हेही मोकळेपणाने विचारा. चांगला शिक्षक या वहीने सुखावतो. जो चिडेल, ‘तुम्हाला काय कळतं’ म्हणेल, त्याच्याकडून मग खुशाल काढून घ्या, आणि तेव्हा क्लास शोधताना पट्ट्याच्या आधी मॅट, मुलींची संख्या आणि जिल्ह्याला उतरणारी मुलं बघा. बाकीच्या पालकांनाही हेच सांगेन, लेकरू पिवळ्यावर असो की तपकिरीवर. तपकिरीवर तर दोन-दोन वर्षं जातात, तेव्हा वही आतापासूनच असलेली बरी.

थोडक्यात, आज लगेच क्लास बदलू नका. चौदा महिने थांबलात, अजून दोन महिने वही घेऊन थांबा. आणि तिला स्वतःलाच आता ज्युदो नको असेल, तर तेही तिला म्हणता आलं पाहिजे. पडायला शिकली आहे, ते कुठे जात नाही. स्कूटीवरून पडली तरी कामाला येतं.

राहिला ड्रेस. उन्हात वाळवू नका आणि इस्त्री तर मुळीच नको, रंग पक्का बसतो. अजून ओला असेल तर गार पाण्यातून तीन-चारदा काढा. वाळला असेल तर रंगीत कपड्यांना चालते ती डाग काढायची पावडर घालून रात्रभर भिजवा. क्लोरीनचं ब्लीच टाकू नका, त्याने कापड पिवळं पडतं आणि कॉलरची शिवण कुजते, मग पकडीत टर्र. थोडा शेंदरी राहिलाच तर राहू द्या, सरावाला चालतो. पुढच्या वेळी पट्ट्याला वेगळी बादली. हिरवा तर, माझा अनुभव आहे, याहून जास्त रंग सोडतो.